घरचे अन्न आणि घरचे खरे बोलणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरी पिकवलेले, घरी पाळलेले अन्न मुलांच्या गळी कसे उतरवावे, या विषयावर दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. माझ्या दारात शेळी आहे, कोंबड्या आहेत, परसात घेवडा आहे, तेव्हा माझी नातवंडे मुकाट्याने जेवत असतील असा तुमचा समज झालेला दिसतो. तो समज मी आधीच दूर करते. मला जे काही कळले ते एका चुकीतून कळले, आणि ती चूक माझी स्वतःची होती.

माझा धाकटा नातू त्या वेळी सात वर्षांचा होता. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, एकविसाव्या दिवशी पिल्ले निघाली. त्यातले एक अगदी मलूल होते. ते या पोराने कापसात ठेवले, कण्या चारल्या आणि जगवले. पुढे त्याचा चांगला लाल तुऱ्याचा कोंबडा झाला. पोर त्याला 'तुऱ्या' म्हणायचे. शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आधी तुऱ्याला हाक.

आखाड लागला. लेकीच्या सासरचे पाहुणे आले. हातात दुसरा कोंबडा नव्हता. वार सोमवार होता, म्हणून पोराला आजोबांबरोबर बेल्ह्याच्या बाजारात बैल बघायला धाडले आणि मागे आम्ही काम उरकले. संध्याकाळी पोर रस्सा-भाकरी पोटभर जेवले. मग विचारू लागले, "आजी, तुऱ्या कुठंय?" मी पटकन बोलून गेले, "बिबट्यानं नेला रे बाळा."

बायांनो, आपल्या जुन्नर तालुक्यात ही काही परीकथेतली थाप नव्हे. इथे उसात बिबट्या खरोखर असतो. पोर रात्री अंगणात जाईना, झोपेत दचकू लागले. आणि चौथ्या दिवशी त्याला उकिरड्यावर तुऱ्याची पिसे सापडली. त्याने रडारड केली नाही. जेवायला बसल्यावर ताट फक्त पुढे सरकवले.

त्यानंतर मांस सुटलेच, पण अंडेही सुटले. शेळीच्या दुधाला "वास येतो" म्हणू लागला. भाजी वाढली की "यात काय घातलंय?" एकदा मासवडी केली, तर म्हणतो, "आजी, खरं सांग, यात मासा आहे ना?" आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पोराने मासवडीत मासा शोधावा! सगळे हसले, मला मात्र हसू आले नाही. पोराचा अन्नावरचा विश्वास उडाला नव्हता, माझ्यावरचा उडाला होता.

महिना-दीड महिन्याने शाळेत तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि "रक्त कमी दिसतं" म्हणाल्या. हे एकट्या माझ्या घरचे दुखणे आहे असे समजू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या दर शंभर मुलांमागे सुमारे 69 मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. दारात कोंबड्या, शेळी, पालेभाजी असताना आपले मूल त्यात मोजले जावे, याची मला फार लाज वाटली.

त्या संध्याकाळी त्याला ओट्यावर घेऊन बसले आणि म्हटले, "तुऱ्याला बिबट्यानं नेलं नाही. पाहुण्यांसाठी आम्हीच कापला. तुला विचारलं नाही, वर खोटं बोलले. माझं चुकलं." मोठ्या माणसाने लहानाजवळ चूक कबूल करायची आपल्यात रीत नाही, जीभ जड झाली. पोर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे बिबट्या आपल्या अंगणात आलाच नव्हता?" त्या रात्री ते शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी त्याला चुलीजवळ बसवून मासवडी केली. बेसन शिजवले, ओल्या फडक्यावर थापले, आत तीळ, खोबरे, कांदा, लसूण भरले, गुंडाळी करून वड्या कापल्या. त्याने सगळे डोळ्यांनी पाहिले आणि दोन वड्या खाल्ल्या.

तेव्हापासून आमच्या घरात काही नियम झाले. ज्या प्राण्याला मुलाने नाव ठेवले तो पातेल्यात जायचा नाही. बाकीचे कशासाठी पाळले आहेत, ते मुलांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. अंडी गोळा करणे नातवाकडे दिले. रोजची अंडी तो खडूने भिंतीवर मांडतो, पाण्यात टाकून पारखतो. ताजे अंडे तळाशी आडवे बसते, जुने उभे राहते किंवा वर येते. स्वतः पारखलेले अंडे तो आता स्वतःच मागून खातो.

कित्येक मुले दुकानातल्या पांढऱ्या अंड्याला सोकावतात आणि घरच्याला नाक मुरडतात. त्यांना सांगावे, की कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, आणि हिरवा पाला खाणाऱ्या कोंबडीचा बलक जास्त पिवळा होतो. शेळीच्या दुधाला वास येत असेल तर बोकड लांब बांधा, भांडे स्वच्छ ठेवा, दूध काढल्याबरोबर तापवा. सुरुवात खिरीपासून करा.

आपल्यात माळकरी घरे पुष्कळ आहेत. त्या भगिनी म्हणतील, आम्हाला या कोंबडीपुराणाचे काय? पण थालीपिठात दुधी लपवणारी आई आणि मी, दोघी एकाच वाटेने चालतो. मुलाला कळले की थालीपीठही गेले. त्यापेक्षा घेवड्याचे बी त्याच्याच हाताने लावून घ्या. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले, त्यांना 2020 सालची पद्मश्री मिळाली. तसले बी मिळवून मुलाला चार दाणे द्या. नवी भाजी मूल पहिल्या घासाला थुंकेल. आहार जाणणारे सांगतात, की दहा-पंधरा वेळा चाखल्यावर कुठे जीभ सरावते. तोवर घासभरच वाढा, रागावू नका. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणावर चहा देऊ नका, म्हणजे भाजीतले लोह अंगी लागेल.

तुम्ही विचाराल, नातू आता कोंबडी खातो का? नाही खात. गेल्या आखाडात पाहुणे आले तेव्हा त्याच्यासाठी हुलग्याची शेंगोळी वेगळी केली. वळायला तोच बसला होता. पाहुणेबाई म्हणाल्या, "फार लाड करता." मी म्हटले, "लाड नव्हेत, उसनं फेडतेय."

पोराची पापणी आता लाल दिसते. आणि मुख्य म्हणजे, मी वाढलेल्या ताटात काय आहे हे तो विचारत नाही. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते.