आई-बाबांबरोबर दोन दिवस ल्युसर्नला

उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून इंग्लंडला आले, की त्यांना दोन दिवस स्वित्झर्लंड दाखवायचं घरोघरी ठरतं. तळ्याकाठचं ल्युसर्न त्यासाठी छान. फक्त बेत त्यांच्या गुडघ्यांना विचारून आखा.

आधी व्हिसा. ब्रिटनचा व्हिसा तिथे चालत नाही. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. आई-बाबांनी तो भारतातून निघण्यापूर्वीच काढलेला बरा.

झुरिक विमानतळावरून रेल्वेने साधारण तासाभरात ल्युसर्न येतं. थोडे पैसे जास्त गेले तरी हॉटेल स्टेशनजवळच घ्या. बोटीचा धक्का समोरच आहे आणि चौदाव्या शतकातला लाकडी कापेलब्रुके पूलही जवळच. १९९३ च्या आगीत त्याचा बराच भाग जळला होता; पुढच्याच वर्षी तो पुन्हा खुला झाला. पहिल्या दिवशी एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी रिगी. बोटीने फित्स्नाऊला जा. तिथून १८७१ साली सुरू झालेली दातेरी रुळांची रेल्वे वर नेते, चढायचं काही नाही. रिगीची उंची १,७९८ मीटर. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे; तिथल्या विरळ हवेत वयस्कर माणसांना धाप लागू शकते.

सकाळी माथ्यावरचा वेबकॅम बघूनच तिकिटं काढा. ढग असले तर बोटीतूनच तळं फिरा. बाहेरचं खाणं महाग आहे, तेव्हा तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर असू द्या.

एखादं ठिकाण राहिलं तर राहू दे. आई-बाबा दमून झोपण्याऐवजी संध्याकाळी तळ्याकाठी गप्पा मारत बसले पाहिजेत. शुभ प्रवास!