बिनडोक बेस, डोकं लावून घ्या

गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकाच छापाचा मेसेज पाठवलाय. ओएलएक्सचा नाहीतर फेसबुक मार्केटप्लेसचा स्क्रीनशॉट, त्यात डोकं नसलेला एक बेस, आणि खाली दोनच शब्द: "घेऊ का?"

आजचा भाग या दोन शब्दांचं उत्तर आहे. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. सेकंड हँड हेडलेस बेस घेताना रंग, लाकूड, कंपनीचं नाव हे सगळं नंतर. आधी ब्रिज बघा, आणि त्याला कुठल्या तारा लागतात ते बघा. का, ते आता नीट समजून घेऊ.

साध्या बेसला वर डोकं असतं आणि त्यावर चार खुंट्या. तार ब्रिजपासून निघते, नटवरून पुढे जाते आणि खुंटीला गुंडाळली जाते. पण वाजते कुठली तार? फक्त ब्रिज आणि नट यांच्यामधली. बहुतेक बेसवर हे अंतर ३४ इंच असतं. नटच्या पलीकडे जे काही आहे ते फक्त तार धरून ठेवायला आणि ताणायला. मग ताणायचं काम खालच्या टोकाला केलं तर वरचं डोकं कशाला हवं?

ही कल्पना आपल्याला फार परकी वाटायला नको. तंबोरा आठवा. खुंट्या वर असतात, पण सूर बारीक जुळवायला आपण खालचे मणी सरकवतो. हेडलेस बेसमध्ये सगळंच जुळवणं खाली आलंय. ब्रिजच्या मागे चार गोल नॉब असतात. नॉब फिरवला की आतला छोटा जबडा तारेचं टोक मागे खेचतो.

ही रचना गाजवली ती अमेरिकेतल्या नेड स्टाइनबर्गरने. हा माणूस मूळचा फर्निचर डिझायनर. १९७७ मध्ये त्याने स्पेक्टर कंपनीसाठी एक बेस डिझाइन केला, तो साधा, डोकं असलेला. मग १९८० च्या आसपास त्याचा स्वतःचा एल-टू आला. डोकं गायब, बॉडी एखाद्या वल्ह्याच्या पात्याएवढी, आणि लाकडाऐवजी कार्बन आणि काचेचे तंतू इपॉक्सीत घालून बनवलेला. रश बँडच्या गेडी लीने आणि स्टिंगने त्या काळात स्टाइनबर्गर वाजवलाय. पुढे कंपनी गिब्सनकडे गेली. होनरने परवाना घेऊन लाकडातले स्वस्त बेस काढले, आणि नंतर स्पिरिट नावाने स्टाइनबर्गरचीही स्वस्त आवृत्ती आली. २०२० मध्ये इबानेझने ईएचबी सीरिज आणली आणि हेडलेस बेस पुन्हा सगळ्यांच्या रील्समध्ये दिसायला लागला.

फायदे खरे आहेत. साधा बेस पट्ट्यावर लटकवला की डोक्याच्या वजनाने नेक खाली झुकायला बघते, आणि डावा हात वाजवायचं सोडून तिला उचलत बसतो. हेडलेसमध्ये हा त्रास खूप कमी. लांबीही अर्ध्या फुटाच्या आसपास कमी होते. संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये पाठीवर बेस घेऊन जो चढलाय त्याला अर्धा फूट म्हणजे काय ते विचारा.

आता मुख्य मुद्दा. साध्या बेसची एक खुंटी खराब झाली तर? दुसरी आणा, चार स्क्रू, काम झालं. खुंट्या, ब्रिज, तारा, सगळं बऱ्यापैकी एकमेकांच्या जागी चालतं. हेडलेसमध्ये ब्रिज आणि ट्युनर हा एकच भाग असतो, आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा. पूर्वी प्रत्येक मोबाइलला वेगळ्या पिनचा चार्जर असायचा, आठवतंय? फोन धडधाकट, पण चार्जर मिळेना म्हणून ड्रॉवरमध्ये पडून. हेडलेसचं तसं होऊ शकतं.

तारांचंही तेच. इथे दोन प्रकार आहेत, ते लक्षात ठेवा.

पहिला प्रकार, दोन्ही टोकांना गोळी असलेली तार, म्हणजे डबल बॉल एंड. स्टाइनबर्गर आणि त्याच्या परवान्यावर बनलेले बरेच जुने बेस यावर चालतात. तार बदलणं एकदम सोपं. कापायची नाही, गुंडाळायची नाही. पण लांबी नेमकी लागते. शिवाय गल्लीतल्या दुकानात ही तार मिळत नाही, बहुतेक वेळा मागवावीच लागते, आणि साध्या सेटपेक्षा महाग पडते.

दुसरा प्रकार, एका टोकाला गोळी असलेली नेहमीची तार. ती नटजवळ छोट्या स्क्रूने घट्ट आवळली जाते. इबानेझ ईएचबीमध्ये असं आहे. कुठलाही साधा सेट चालतो. एकच काळजी: आधी स्क्रू आवळा, तार वाकवा, आणि मगच उरलेलं टोक कापा. आधी कापलं तर वरची गुंडाळी सैल पडते आणि तार मेल्यासारखी वाजते.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न "लास्ट प्राइस काय?" हा विचारू नका. "तारा कुठल्या लागतात आणि तुम्ही कुठून आणता?" हे विचारा. ज्याने तो बेस खरंच वाजवलाय त्याला उत्तर पाठ असतं.

आणखी एक. विक्रेता व्हॉट्सॲपवर वाजवून व्हिडिओ पाठवतो आणि म्हणतो, "बघा काय आवाज आहे." बेसच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. तुमच्या फोनच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाही. आपल्याला वरचे हार्मोनिक्स ऐकू येतात आणि खालचा सूर मेंदू स्वतः भरून काढतो. त्यामुळे व्हिडिओ मागवा, पण बघण्यासाठी. चारही नॉब फिरवताना दाखव म्हणा. ब्रिज, नट, बॅटरीचा खण आणि सिरीयल नंबर जवळून दाखव म्हणा.

प्रत्यक्ष बघायला जाताना बॅगेत पाच गोष्टी टाका: एक केबल, हेडफोन लावता येईल असा छोटा ॲम्प, ॲलन कीचा संच, नवी ९ व्होल्टची बॅटरी आणि एक व्हिजिटिंग कार्ड. फोनमध्ये ट्युनर ॲप असतंच.

बॅटरी का? कारण बऱ्याच हेडलेस बेसमध्ये ॲक्टिव्ह सर्किट असतं, आणि काहींमध्ये बॅटरीशिवाय आवाजच येत नाही. "बॅटरी संपलीय हो, बाकी ओके आहे" हे वाक्य खरंही असू शकतं आणि सर्किट गेल्याचं पांघरूणही. तुमची बॅटरी घाला, लगेच कळेल. घालताना खणात हिरवट-पांढरं काही साचलंय का बघा. तसं असेल तर बॅटरी आत गळली आहे.

मग नॉब. प्रत्येक तार थोडी सैल करा आणि पुन्हा सुरात आणा. नॉब सलग फिरला पाहिजे. मध्येच घसरला, कुरकुरला किंवा उडी मारली तर आटे झिजलेत. तार सुरात असताना जबडा किती मागे आलाय तेही बघा. तो शेवटच्या टोकाला टेकला असेल तर पुढे ताणायला जागाच नाही.

मग नेक. चार तारा मिळून नेकला ७०-८० किलोंच्या आसपास ओढत असतात, रात्रंदिवस. त्यात आपला पावसाळा. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर छान. एटीएम कार्ड आरामात गेलं तर नेक पुढे वाकलीय. फट अजिबात नसेल तर मागे. थोडंफार वाकणं ट्रस रॉडने दुरुस्त होतं, पण रॉडचा नट फिरतोय का हे मालकाला विचारून, अगदी पाव फेरा फिरवून बघा. जुन्या, अस्सल कार्बनच्या स्टाइनबर्गरला ट्रस रॉडच नसतो. तिथे नेक वाकडी निघाली तर नमस्कार करून निघायचं.

शेवटी प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. हो, प्रत्येक. पाच मिनिटं लागतात. छोट्या बॉडीच्या बेसला मांडीवर टेकायला खालून उघडणारा एक आधार असतो, तो तुटलेला नाही ना बघा. तो नसेल तर बसून वाजवताना बेस घसरत राहतो.

आता एक किस्सा सांगतो, म्हणजे हे सगळं किमतीत कसं उतरतं ते कळेल. माझ्या एका मित्रासोबत मी डोंबिवलीला असाच एक बेस बघायला गेलो होतो. विकणारे काका साठीच्या पुढचे. एकेकाळी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. बेस होनरचा, परवान्यावर बनलेला, त्यांच्या भावाने दुबईहून आणलेला. १५ हजार सांगत होते. म्हणाले, "आता बोटं ऐकत नाहीत रे. नुसता बघत बसण्यापेक्षा कुणीतरी वाजवलेला बरा."

नेक सरळ. आमची बॅटरी घातली, आवाज आला. पण ए तारेचा नॉब जाम. जरासुद्धा हलेना. काका उठले आणि थेट पकड घेऊन आले. मित्र म्हणाला, "काका, पकड नको. आटे गेले तर हा भाग परत मिळायचा नाही. शिलाई मशीनचं तेल आहे का घरात?" होतं. दोन थेंब टाकले, काकूंनी चहा केला, ऑर्केस्ट्राच्या गोष्टी झाल्या. अर्ध्या तासाने नॉब हळूच फिरला.

मधल्या वेळात मित्राने कागदावर हिशेब मांडला होता. १५ हजारातून तारांचा सेट वजा, सेटअपचे पैसे वजा. आणि नॉब सुटला नाही तर घ्यायचाच नाही. हे सगळं त्याने काकांना मोकळेपणाने दाखवलं. काका कागद बघून म्हणाले, "तारा? थांब." कपाटाच्या खणातून दोन सेट काढले. डबल बॉल एंड, न फोडलेले. त्यांना वाटत होतं जुन्या तारांना कोण विचारतंय, फेकूनच द्यायच्या होत्या.

इथे मित्र गप्प राहू शकला असता. तो म्हणाला, "काका, या आहेत म्हणूनच हा बेस १५ हजारांचा आहे." आणि कागदावरची वजाबाकी खोडून त्याने सांगितलेली किंमत पूर्ण दिली. परतताना मी विचारलं, थोडं कमी करता आलं असतं ना? तो म्हणाला, "मग हिशेब दाखवला कशाला?" मला हे पटलं. आपण दोष शोधायला एवढे तयार होऊन जातो, तर गुण सापडल्यावर तेही मोजले पाहिजेत. आणि समोरच्याला कळतं की तुम्ही पाडून मागत नाही, मोजून मागताय. पुढे अडलं तर त्याला फोन करता येतो, हा फायदा वेगळाच.

समोरचा माणूस नेहमी असा नसतो, म्हणून हेही ऐका. वस्तू बघायच्या आधी टोकन म्हणून एक रुपयाही पाठवू नका. "बदली झालीय, आज रात्रीच निघतोय, चार जण लाइनीत आहेत" असं कुणी म्हटलं तर त्या चार जणांना शुभेच्छा द्या. तुम्ही स्वतः काही विकत असाल आणि समोरचा म्हणाला की पैसे मिळवायला हा क्यूआर कोड स्कॅन करा, तर करू नका. यूपीआयमध्ये पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमचे गेले. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आणि बेस घेताना जुनं बिल किंवा मालकाचे तो वाजवतानाचे फोटो मागा. चोरीची वस्तू स्वस्तच असते.

तर, घेऊ का? माझं मत असं. हा तुमचा पहिलाच बेस असेल आणि जवळपास दुरुस्त करणारं कुणी नसेल, तर साधा बेस घ्या. त्याचा प्रत्येक भाग मिळतो आणि उद्या विकायलाही सोपा. हेडलेसच हवा असेल तर नेहमीच्या तारा चालणारा बघा. डबल बॉलवालाच आवडला, तर त्याच्या ताऱ्यांचा निदान एक सेट कुठून आणि कितीला मिळेल हे आधी पक्कं करा, तो खर्च किमतीत धरा, मग फोन उचला. ब्रिजमध्ये बिघाड असेल आणि तो भाग कुठे मिळेल हे विक्रेत्यालाही सांगता येत नसेल, तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. पहिल्या-दुसऱ्या पगारातून साठवलेले पैसे भिंतीवर टांगायच्या वस्तूसाठी नसतात.

तुमच्या स्क्रीनशॉटमधल्या बेसचा ब्रिज जवळून दिसेल असा फोटो पाठवा. पुढच्या भागात त्यातले तीन-चार घेऊन बसू आणि एकेकाचा कागदावर हिशेब मांडू. तोवर वाजवत राहा, आणि शेजाऱ्यांसाठी हेडफोन लावत राहा. भेटूच.