थांबवता न येणारी भीती

मी कविता लिहितो. पण भुतांच्या सिनेमांचं वेड शाळेपासूनचं. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' १९८४ साली आला. आमच्या लोणावळ्यात मी तो पाहिला पुढच्या पावसाळ्यात, वय वाढवून सांगून, थोरल्या भावाबरोबर. सामरीचा तो रंगवलेला चेहरा आज पाहिला तर हसू येईल. तेव्हा मात्र सगळं थिएटर एकदम किंचाळलं होतं. घरी परतताना धुक्यात हातभर अंतरावरचं दिसेना. भाऊ म्हणाला, "घाबरू नकोस." पण माझं मनगट त्यानेच घट्ट धरलं होतं.

माझी मुलगी भयपट मोबाइलवर पाहते. भीती वाटली की थांबवते, चहा करून येते. या माध्यमाला मी नावं ठेवत नाही. मराठी 'लपाछपी'चा हिंदी अवतार 'छोरी' २०२१ मध्ये थेट घरातल्या पडद्यावरच आला आणि दूरदूर पोचला.

'तुंबाड'ही तिने असाच तुकड्यातुकड्यांनी पाहिला होता. म्हणाली, "छान आहे, पण भीती नाही वाटली." नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला, खऱ्या पावसात चित्रित केलेला तो सिनेमा २०१८चा. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. मी तिला घेऊन गेलो. तिथे थांबवायचं बटण नव्हतं. अंधारात तिने माझं मनगट धरलं.

भाऊ आता नाही. बाहेर आलो तेव्हा पाऊस लागला होता. मनगट तिने अजून सोडलं नव्हतं. मीही सोडवून घेतलं नाही.