मेसेज क्यू भरली की नेमकं काय होतं? (भागाचा लिखित मजकूर)

आजचा विषय ऐकायला जड वाटेल, पण परभणीकरांना तो समजावून सांगायची फारशी गरज नाही. कारण विषय आहे रांगेचा. कापसाच्या सीझनला मानवतला, सेलूला जिनिंगसमोर ट्रॅक्टरची रांग लागते ना, तशीच एक रांग कॉम्प्युटरच्या पोटातही लागते. तिला म्हणायचं मेसेज क्यू.

समजा, एका जिनिंगमध्ये वजनकाट्याला लिनक्सचा कॉम्प्युटर जोडलाय. त्यावर दोन प्रोग्राम चालतात. पहिला काट्याकडून आकडा वाचतो, दुसरा तो डेटाबेसमध्ये लिहून पावती काढतो. पहिला आकडा रांगेत टाकतो, दुसरा तिथून उचलतो. ही रांग सांभाळतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी त्याची, म्हणून नियमही त्याचे.

नियम मुख्य तीन. एमएसजीमॅक्स: एक मेसेज जास्तीत जास्त किती मोठा? लिनक्समध्ये मूळ आकडा 8192 बाइट. एमएसजीएमएनबी: एका रांगेत एकूण किती बाइट मावतील? मूळ आकडा 16384. आणि एमएसजीएमएनआय: एकूण रांगा किती? नव्या कर्नलमध्ये 32000, म्हणजे इथं सहसा अडत नाही. अडतं ते बहुतेक वेळा दुसऱ्यावर.

आता जरा हिशोब करू. एक मेसेज 200 बाइटचा धरा. 16384 भागिले 200, म्हणजे 81 मेसेज. काटा दर सेकंदाला एक आकडा देतो आणि लिहिणाऱ्याला एका आकड्याला दोन सेकंद लागतात. म्हणजे दर दोन सेकंदाला रांग एकानं वाढते. तीन मिनिटं व्हायच्या आत रांग फुल्ल!

मग काय होतं? दोन शक्यता. साध्या पद्धतीनं मेसेज टाकला असेल तर पाठवणारा प्रोग्राम जागा होईपर्यंत नुसता थांबून राहतो. एरर नाही, काही नाही. बघणारा म्हणतो, "कॉम्प्युटर हँग झाला." दुसरी शक्यता जास्त वाईट. 'थांबू नको' असा फ्लॅग दिला असेल तर कर्नल लगेच ईअगेन ही एरर परत देतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ती तपासलीच नाही, तर तो आकडा गेला. आणि तो आकडा म्हणजे कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचं माप असतं, हे विसरू नका.

आधी बघा, मग बदला. टर्मिनलमध्ये आयपीसीएस, स्पेस, डॅश, स्मॉल एल टाका, मर्यादा दिसतील. एलच्या जागी क्यू टाका, कुठल्या रांगेत किती मेसेज पडलेत ते दिसेल. मर्यादा वाढवायची तर रूट होऊन सिस्कटीएलनं 'कर्नल डॉट एमएसजीएमएनबी' बदला. रीस्टार्टनंतरही टिकायला हवं असेल तर सिस्कटीएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहा. इथं बरेच जण फसतात: नवा आकडा नव्या रांगेला लागतो. आधीच तयार असलेली रांग जुन्याच मापाची राहते.

समजा आकडा चौपट केला, 65536. आता 327 मेसेज मावतात. पण आपल्या हिशोबात तीही रांग अकरा मिनिटांत भरते! म्हणजे मर्यादा वाढवून तुम्ही फक्त वेळ विकत घेतला. थोडा वेळ गर्दी होऊन ओसरत असेल तर हा उपाय बरोबर आहे. पण गर्दी ओसरतच नसेल तर दोष रांगेचा नाही, खिडकीवरचा माणूस हळू आहे. लिहिणारा प्रोग्राम वेगवान करा, एकेक नोंद लिहिण्याऐवजी पन्नास-पन्नास एकदम लिहा.

अजून एक. ही रांग मेमरीत असते, डिस्कवर नाही. लाइट गेली की रांगेत होतं ते सगळं पुसलं. म्हणजे रांग जितकी लांब, तितकं नुकसान मोठं. ज्यावर पैशाचा हिशोब आहे, ते आधी डिस्कवर लिहा, मग रांगेत टाका.

तुम्ही म्हणाल, आमच्या मोबाइलचं काय? अँड्रॉइडच्या आतही लिनक्स कर्नलच आहे, पण ही जुनी सिस्टिम फाइव्हवाली रांग तिथं मिळत नाही. कारण प्रोग्राम मेला तरी ती रांग मागं उरते, कुणीतरी पुसेपर्यंत किंवा मशीन रीस्टार्ट होईपर्यंत. मोबाइलमध्ये अ‍ॅप सारखी बंद-चालू होतात, असा कचरा परवडत नाही. तिथं बाइंडर नावाची सोय आहे. तिलाही मर्यादा आहेच: एका प्रोसेसच्या चालू असलेल्या सगळ्या देवाणघेवाणीला मिळून साधारण 1 एमबी. एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनला अख्खा फोटो पाठवला की अ‍ॅप क्रॅश होतं, ते बऱ्याचदा यामुळंच. फोटो नाही, फोटोचा पत्ता पाठवा.

तर मंडळी, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर आज आयपीसीएस चालवून बघा. फक्त बघा हं, कामाच्या मशीनवर आयपीसीआरएम चालवू नका, त्यानं रांग आतल्या मेसेजसकट उडते. काय दिसलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!