यादीत आमचं नाव कुठं होतं?

(‘आपत्ती आणि स्त्रिया’ या विषयावरील शिबिरात केलेलं भाषण)



भूकंपाबद्दल बोला म्हटलं की सगळ्यांना ती रात्र ऐकायची असते. ती मी थोडक्यात सांगते. मला जास्त बोलायचंय ते नंतरच्या दिवसांबद्दल. धरणीकंपानं बाई-पुरुष असा भेद केला नाही. तो नंतर माणसांनी केला.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून माणसं नुकती घरी येऊन पाठ टेकत होती. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावं ढिगारा झाली. सुमारे ८,००० माणसं गेली. आमचं गाव थोडं लांब. आमच्या आळीतली माणसं वाचली, घरं मात्र उभी चिरली. माझी नणंद किल्लारीच्या बाजूला दिलेली. तिची दोन्ही लेकरं गेली.

आम्ही म्हणायचो, देवाचा कोप झाला. नंतर शिकलो की माणसं मेली ती भिंतीखाली. आमच्याकडची भिंत दीड-दोन हात रुंद. आतून-बाहेरून दगडाचे दोन थर, मधे गोट्यांचा भराव, आणि सगळं चिखलात बसवलेलं. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. वर माळवद, म्हणजे लाकडावर हातभर माती. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती टाकायची, आणि ती डोक्यावरून वाहायची आम्हीच. १९९२ साली किल्लारीला बरेच दिवस धक्के बसत होते, तरी भूकंपाच्या नकाशावर आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मग घर तपासायचं कुणाला सुचणार?

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. मदत खूप आली. धान्य आलं, ब्लँकेटं आली. पण न्हाणीचा आडोसा कुणाला आठवला नाही. आम्ही तांबडं फुटायच्या आत, लुगड्यासकट अंगावर पाणी घ्यायचो. परसाकडं जायला लागू नये म्हणून बाया दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. पाळीचे कपडे वाळवायला जागा नव्हती. या गोष्टी मदत वाटणाऱ्या पुरुषांना सांगणार कोण? आणि विचारायला बाई येतच नव्हती.

नणंदेचं सांगते. तिचं मुलं न होण्याचं ऑपरेशन झालेलं होतं. लेकरं गेली, तशी घरात कुजबुज सुरू झाली. ऑपरेशन उलटवून पुन्हा नळ्या जोडतात, असं सांगत आलं कुणी. तिनं तेही करून घेतलं. दिवस गेले नाहीत. वर्ष-दीड वर्षात नवऱ्यानं दुसरी आणली. तिच्या दुःखाला वेळ द्यायला कुणी तयार नव्हतं, तिच्या कुशीची मात्र सगळ्यांना घाई होती. ती माझ्याकडं आली, तेव्हा तिच्याजवळ एक पिशवी होती. घर, भरपाई, भांडी, सगळं तिकडं राहिलं.

का राहिलं? कारण यादीत ती नव्हती. ज्या ५२ गावांना नव्या जागी वसवलं, तिथं घर जमिनीच्या मापानं मिळालं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्यावर ७५०. जमीन कुणाच्या नावावर? सातबाऱ्यावर बघा. सासरा, नवरा, दीर. त्या घरात पंचवीस वर्षं राबलेली बाई कागदावर ‘कुटुंबातील व्यक्ती’. माहेरी येऊन राहिलेली परित्यक्ता तर भावाच्या कुटुंबात एक तोंड म्हणून मोजली गेली. विधवांना नवऱ्याच्या मृत्यूचे पैसे मिळाले, तेव्हा ते घरातच राहावेत म्हणून दिराशी पाट लावायचा आग्रह झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

आता दुसरी बाजू. आमच्यासारख्या गावांत घरं जागेवरच दुरुस्त करून मजबूत करायची होती. पैसा सरकारचा आणि जागतिक बँकेच्या कर्जाचा, तो हप्त्यांनी मिळणार. लोकांना यात सामील करून घ्यायचं काम ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडं आलं. हजाराहून अधिक गावांत महिला मंडळातल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. त्यातली मी एक. चौथी शिकलेली.

आम्ही घरोघर जायचो. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपा टेकू द्या, हे समजावून सांगायचो. हप्ता आला का, कुठं अडला, विचारायचो. एक मिस्त्री म्हणाला, “बाई, तुम्ही चूल सांभाळा.” मी म्हटलं, “चुलीमागची भिंत कुणाच्या अंगावर पडते, ते सांगा आधी.” त्यानंतर तो आम्हाला आरपार दगड दाखवल्याशिवाय भिंत पुढं न्यायचा नाही. सिमेंटला पाणी मारायचं काम बायकांचंच होतं. का मारायचं, किती दिवस मारायचं, हे कळल्यावर त्यांनी पाण्याचा टँकर मागितला. ग्रामसभेत बाईनं तोंड उघडलं ते तेव्हा, सिमेंटच्या निमित्तानं.

२६ जानेवारी २००१ ला कच्छला भूकंप झाला. आमच्यातल्या काही जणी तिकडं गेल्या, मीही होते. भाषा येत नव्हती. पण भिंतीवर हात ठेवला की दोघींना कळायचं. तिथली गोल भुंगा घरं बरीच टिकली होती, ती बघून आम्हीच त्यांच्याकडून शिकलो. आम्ही त्यांना एवढंच सांगितलं, “घराचा नकाशा काढताना तुम्ही समोर बसा. आणि यादी झाली की वाचून घ्या.”

पूर असो, दरड असो, दुष्काळ असो, यादी होणारच. म्हणून इथं आलेल्या मंडळांना माझं सांगणं आहे. आपत्ती येण्याआधी चार कामं करा. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा काढा आणि घरावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावून घ्या. गावातल्या एकट्या बायांची, म्हणजे विधवा, परित्यक्ता, अविवाहित, सगळ्यांची यादी मंडळानं स्वतः करून ठेवा. पंचनामा होताना मंडळातली एक तरी बाई हजर राहील, हे ठरवून टाका. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे. त्यांना लेखी विचारा, तात्पुरत्या निवाऱ्यात न्हाणी आणि संडास कुठं असतील, आणि त्याला कडी आतून असेल का.

माझ्या नणंदेनं पुढं शिवणयंत्र घेतलं. आमच्या मंडळाच्या बचत गटाचे हिशेब तीच लिहायची. गेल्या पाच-सहा वर्षांपासून तिच्या नावावर एका खोलीचं घर आहे. उतारा तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय, आणि ती पिशवी कुठं आहे हे आम्हा चौघींना माहीत आहे.

बोलण्यासारखं खूप आहे. पण दुपारी नमुना ८ चा अर्ज कसा लिहायचा ते आपण बसून करणार आहोत, तेव्हा आता थांबते.