रुग्णाच्या खाटेपाशी भ्रमणध्वनी

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात संस्थेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरातील उपचारांचा आणि जमाखर्चाचा तपशील याच अहवालात अन्यत्र दिलेला आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आज बोलावयाचे आहे ते एका वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीविषयी. आमच्या सूचनावहीत रुग्ण मोकळेपणाने लिहितात. जेवणात मीठ कमी असल्याचे लिहितात, डासांविषयी लिहितात, आणि हल्ली पानोपानी लिहितात ते शेजारच्या खाटेजवळ वाजणाऱ्या मोबाईलविषयी.

या यंत्राचे आपल्यावर ऋण आहे, हे आधीच मान्य करतो. ३१ जुलै १९९५ रोजी तेव्हाच्या कलकत्त्याहून दिल्लीला भारतातील पहिले मोबाईल संभाषण झाले. त्यानंतरही कित्येक वर्षे रुग्णालयांच्या फाटकाबाहेर पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथपुढे रांगा लागत. गावात फोन असे तो किराणा दुकानात किंवा ग्रामपंचायतीत. घरच्या माणसाला बोलावून ठेवण्याचा निरोप द्यायचा, दहा मिनिटांनी पुन्हा फोन लावायचा, आणि समोरच्या मीटरवर नजर ठेवून चार वाक्यांत सांगायचे, की ऑपरेशन झाले, शुद्धीवर आले आहेत, आईला कळवा. मोबाईल आला तरी २००३ पूर्वी येणाऱ्या फोनलाही पैसे पडत, त्यामुळे बोलणे आपोआप आटोपशीर राही. आज बोलण्याला ना मीटर आहे ना मर्यादा. मात्र ट्रंक कॉलच्या काळात लागलेली, दूरच्या माणसाशी मोठ्याने बोलण्याची सवय आपल्या घशात अजून शिल्लक आहे.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे तर कोणी विसरणार नाही. कोरोनाच्या कक्षात नातेवाइकांना प्रवेश नव्हता. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या परिचारिका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन रुग्णाच्या चेहऱ्यासमोर धरून उभ्या राहत, आणि पलीकडून नातवंडे हाका मारीत. काही कुटुंबांसाठी तीच शेवटची भेट ठरली. ज्यांनी ते फोन धरले, त्यांच्यासमोर भ्रमणध्वनीची निंदा करण्याचे धाडस आम्हांस होणार नाही.

म्हणूनच बंदीचा मार्ग आम्ही स्वीकारलेला नाही. एके काळी मोबाईलच्या लहरींनी वैद्यकीय यंत्रे बिघडतील या धास्तीने अनेक रुग्णालयांत सरसकट मनाई होती. ती पुढे पुष्कळ ठिकाणी सैल झाली. अतिदक्षता विभागासारख्या ठिकाणच्या सूचना अर्थातच पाळावयाच्या आहेत. यंत्राची काळजी कमी झाली, परंतु खाटेवरच्या माणसाची काळजी उरलीच आहे.

आवाजाची गोष्ट थोडक्यात सांगतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या परिचर्येवरील आपल्या पुस्तकात गोंगाटावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. रुग्णाच्या खोलीत किंवा दाराबाहेर त्याच्याविषयी चाललेली कुजबुज त्यांना विशेष घातक वाटे. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयाभोवतीच्या किमान १०० मीटरच्या परिसराला शांतता क्षेत्र म्हणून जागा दिली, आणि तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलची मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ सालच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णकक्षातील रात्रीची सरासरी ३० डेसिबलच सांगितली आहे. साधे बोलणेच ६० डेसिबलच्या आसपास जाते. बाहेरच्या ढोलताशांविरुद्ध आपण तक्रार करतो, आणि आत रात्री दोन वाजता कोणाच्या तरी उशाशी आरतीची रिंगटोन पूर्ण कडव्यानिशी वाजत असते. देवावर आमची श्रद्धा आहे. परंतु शस्त्रक्रियेनंतर कशीबशी डोळा लागलेल्या रुग्णाला त्या वेळी देवाने उठवावे, असे आम्हांस वाटत नाही.

आवाजापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे त्या आवाजातून काय बोलले जाते. येथे एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे; कुटुंबाची ओळख पटणार नाही इतकाच सांगतो.

पुरुषांच्या सर्वसाधारण कक्षात एक वयस्कर शेतकरी दाखल होते. तपासणीचा अहवाल आला. आजार पसरलेला होता. डॉक्टरांनी पुतण्याला बाहेर बोलावून कल्पना दिली आणि ठरविले, की दुसऱ्या दिवशी काकू आल्या म्हणजे दोघांना एकत्र बसवून शांतपणे सांगू. पुतण्या परत येऊन स्टुलावर बसला. काका डोळे मिटून पडले होते. तेवढ्यात गावाहून फोन आला, मग मुंबईहून, मग आणखी एक. प्रत्येकाला त्याने तेच सांगितले, दर खेपेस थोडे अधिक स्पष्ट शब्दांत. मुलगा वाईट नव्हता. तीन रात्री तो त्याच स्टुलावर बसून होता. सकाळी फेरीच्या वेळी डॉक्टर खाटेपाशी आले, तेव्हा काकांनीच विचारले, "डॉक्टरसाहेब, दिवाळी बघंन का मी?" शेजारच्या खाटेवरील गृहस्थांनी तोंड भिंतीकडे वळविले. त्यांनाही रात्रीच सर्व कळले होते.

सत्य लपवावे, असे आमचे म्हणणे नाही. रुग्णाला आपल्या आजाराविषयी जाणण्याचा अधिकार आहे, आणि तो कोणाच्या तोंडून, कोणासमवेत ऐकावा, यातही त्याचा मान आहे. त्या रात्री तो मान राखला गेला नाही, आणि दोष एकट्या पुतण्याला देता येत नाही. आपुलकीने विचारपूस करणाऱ्या प्रत्येक आप्ताने त्याला पुन्हा तेच बोलावयास लावले होते. यावर आम्हांस सुचलेला उपाय साधा आहे. कुटुंबाने एक माणूस नेमावा. त्याने दिवसातून एकदा, कक्षाबाहेर जाऊन, सर्वांना कळवावे, आणि इतरांनी त्याच्याकडेच चौकशी करावी. खाटेजवळ बसलेल्यास फोन न करणे हीसुद्धा विचारपूसच आहे.

चित्रफितींविषयीही बोलले पाहिजे. परदेशी असलेल्या मुलाला आईचा चेहरा दाखवावा, ही इच्छा कोण नाकारील? परंतु प्रसूती कक्षात फोन फिरवताना शेजारची बाळंतीण बाळाला पाजत असते आणि तीही त्या चौकटीत येते. ती ओशाळते, बोलत नाही. सूचनावहीत तिची सासू लिहिते. तेव्हा फोन उचलण्यापूर्वी पडदा ओढावा, शेजारणीला सांगावे, आणि ज्याचे चित्र घ्यावयाचे त्यालाही विचारावे. नाकात नळी असलेला आपला चेहरा साऱ्या भावकीच्या गटावर जावा, असे किती जणांना वाटेल?

हे सर्व केवळ नातेवाइकांना सुनावून आम्ही मोकळे होऊ, तर ते अप्रामाणिक ठरेल. यंदाच आमच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या खोलीत एक दांपत्य आपल्या मुलीच्या आजाराविषयी ऐकत होते. वाक्य अर्धवट असताना डॉक्टरांचा फोन वाजला आणि त्यांनी तो घेतला. फोन होता विश्वस्त मंडळाच्या बैठकीची वेळ विचारण्यासाठी, आणि करणारे गृहस्थ या सभागृहात बसलेले आहेत. दीड मिनिटाचे संभाषण झाले. ते दीड मिनिट त्या आईवडिलांनी कसे काढले असेल, हे त्यांनी नंतर आम्हांस पत्राने कळविले. पत्रात रागाचा एक शब्दही नव्हता, त्यामुळे ते वाचणे अधिक कठीण गेले. आम्ही घरी जाऊन त्यांची क्षमा मागितली.

तातडीच्या सेवेतील डॉक्टरांना फोन बंद ठेवता येत नाही, हे खरे. आता असे ठरले आहे, की गंभीर बोलणे करावयाचे असल्यास फोन परिचारिकेकडे सोपवावा. ती निकड पाहून आत येईल. तेही शक्य नसल्यास, "अतिदक्षता विभागातून फोन येण्याची शक्यता आहे, आला तर घ्यावा लागेल," असे बोलण्याच्या आरंभीच सांगावे. विश्वस्तांनी बैठकीविषयी कार्यालयात चौकशी करावी, ही नम्र विनंती.

यंदा प्रत्येक मजल्यावर जिन्यालगतची जागा बोलण्यासाठी मोकळी केली आहे. तेथे बाक आहेत, फोन चार्ज करण्याची सोय आहे, आणि कक्षाचे दार लावल्यावर आवाज आत येत नाही. रडू आले तर कोणी पाहणार नाही, असा आडोसाही ठेवला आहे. ही सूचना आमच्या आयाबाईंची. दुसऱ्या मजल्यावरील त्या जागेत अद्याप पंखा नाही, आणि उन्हाळ्यात तेथे पाच मिनिटेही बसवत नाही. देणगीदार मंडळी समोरच बसली आहेत, म्हणून तेवढे नोंदवून ठेवतो.