साडेआठ मिनिटं कोणी गात नाही

बचतीचे हप्ते, कर्जाची वही आज बाजूला. आज गाणी ऐकण्याबद्दल बोलू, आणि तीही इंग्रजी!

'पिंक फ्लॉइड' हा इंग्लंडमधला गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांचा गट. १९७५ साली त्यांचा 'विश यू वेअर हिअर' हा अल्बम आला. म्हणजे, तू इथे हवा होतास. आम्ही तो बैठक संपल्यावर मोबाइलवर लावला. भाषेची अडचण सुरुवातीला आलीच नाही, कारण पहिल्या गाण्यात साडेआठ मिनिटं कोणी गातच नाही. आधी लांबून आल्यासारखे संथ सूर. त्यात काचेच्या पेल्यांच्या ओल्या कडेवरून बोट फिरवून काढलेला नादही आहे. मग चारेक मिनिटांनी गिटारचे चार स्वर. तेच चार, पुन्हा पुन्हा. हाक मारावी, थांबावं, ओ येत नाही म्हणून परत मारावी, तसे.

ती हाक सिड बॅरेटला. गटाची सुरुवातीची बहुतेक गाणी त्याचीच. पुढे नशा लागली, मन ढासळलं. कार्यक्रमात गिटार गळ्यात घालून नुसता उभा राहायचा. १९६८ साली एका कार्यक्रमाला निघताना बाकीच्यांनी त्याला घरून घ्यायचंच नाही असं ठरवलं. भांडण नाही, निरोप नाही. आपल्याकडेही "तिचं डोकं ठिकाणावर नाही" म्हणत एखादीला हळदीकुंकवाला बोलवणं बंद होतं ना, अगदी तसं.

आणि १९७५च्या जूनमध्ये, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत याच अल्बमचं काम चालू असताना एक जाडसर माणूस आत आला. डोक्यावर केस नाहीत, भुवयाही काढलेल्या. बराच वेळ कोणी ओळखलं नाही. तो सिड होता. कळल्यावर सोबत्यांना रडू आवरेना. मेलेल्याचं दुःख गाव वाटून घेतं. जिवंत माणूस असा हरवला, तर त्याचं सुतक कोण पाळणार?

अल्बमच्या नावाचंच एक गाणं आहे. त्याच्या आरंभी रेडिओचं बटण फिरवल्याची खरखर, मग लहान रेडिओतून यावी तशी गिटार. तेवढ्यात दुसरी गिटार अगदी जवळून वाजते, जणू खोलीत बसून कोणी त्या रेडिओला साथ देतंय. आम्हाला सगळ्यात आवडलं ते हे.

सगळं मिळून पाऊण तासाचं आहे. हातात भाजी निवडायला घ्या, पण बोलू नका.

आमच्या गटातली एकजण बरेच महिने बैठकीला येत नाही, तिची बचत जाऊ आणून देते. ऐकता ऐकता तिचं नाव निघालं. पुढची बैठक तिच्याच ओट्यावर घ्यायची ठरली आहे, आधी तिला विचारून.